बाबांचं एक्सपी, माझं विंडोज ११

प्रश्न : गिरगावात आमच्या चाळीतल्या घरी तीन कॉम्प्युटर आहेत. बाबा सत्त्याहत्तर वर्षांचे. अजूनही लग्नाच्या, मुंजीच्या पत्रिका करून देतात, विंडोज एक्सपीवर, पेजमेकर या पानं जुळवायच्या जुन्या प्रोग्रॅममध्ये. त्यांच्या मराठी फॉन्टचं लॉक, म्हणजे जी लावल्याशिवाय फॉन्ट चालत नाही ती डबी, प्रिंटरच्या पोर्टात बसतं आणि नव्या कॉम्प्युटरना तसं पोर्टच नसतं. भावाचा डेस्कटॉप विंडोज १० आहे. माझ्या जुन्या विंडोज ७ च्या लॅपटॉपवर बाबांचं फोल्डर उघडायचं. मी पत्रिका तपासून गिऱ्हाइकाला व्हॉट्सॲपवर पाठवायचे. आता विंडोज ११ चा लॅपटॉप घेतला तर बाबांचं मशीन सापडतच नाही. भावाचं सापडतं, पण पासवर्ड मागतं आणि कुठलाच घेत नाही. ओळखीचे एक जण म्हणाले, ‘एसएमबी १ चालू करा, फायरवॉल बंद करा, पाच मिनिटांचं काम.’ करू का?
— एक वाचक, गिरगाव

उत्तर : ताई, नका करू. त्या गृहस्थांच्या उपायाने फोल्डर बहुतेक उघडेलही, आणि मला भीती त्याचीच आहे. एकदा उघडलं की कुणी पुन्हा तिकडे बघत नाही.

विंडोजची मशीनं आपसात फाइलींची देवघेव ज्या बोलीत करतात तिला एसएमबी म्हणतात. एक्सपीला तिची पहिली आवृत्ती तेवढी येते. विंडोज ७ ला पहिली आणि दुसरी दोन्ही यायच्या, म्हणून तुमचा जुना लॅपटॉप बाबांच्या मशीनशी बोलायचा. तुमच्या नव्या लॅपटॉपमध्ये ती पहिली आवृत्ती घातलेलीच नाही. तेव्हा बिघाड तुमच्या लॅपटॉपमध्ये नाही आणि बाबांच्या मशीनमध्येही नाही. बाबांना हे आधी सांगा. मशीन बोलेनासं झालं की आपलं काहीतरी चुकलं, असं या वयाच्या माणसांना फार लागतं.

ही आवृत्ती काढून टाकायला कारणही तसंच आहे. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाचा व्हायरस याच पहिल्या आवृत्तीतल्या भोकातून शिरला. कुणी काही क्लिक न करताही तो नेटवर्कवरून एका मशीनमधून दुसऱ्यात जायचा आणि फाइली कुलूपबंद करून पैसे मागायचा. दीडशे देशांतली दोन लाखांहून जास्त मशीनं त्याच्या तावडीत सापडली. मायक्रोसॉफ्टने दुरुस्ती मार्चमध्येच दिली होती, पण एक्सपीचा पाठिंबा ८ एप्रिल २०१४ लाच संपलेला. त्याच्यासाठी हल्ला झाल्यावर धावपळीत वेगळी दुरुस्ती काढावी लागली. बाबांच्या मशीनवर ती कुणी घातली असेल, असं धरून चालू नका.

फायरवॉल म्हणजे नेटवर्कवरून आत शिरणाऱ्याला अडवणारी राखण. ती बंद करायला सांगणाऱ्यांबद्दल तर मला मनापासून राग आहे, कारण अशीच मोकळीक मी स्वतः एकदा देऊन बसलोय. माझं रिपेअरचं दुकान लालबागला. २०१९ च्या पावसाळ्यात एका मंडळाच्या कचेरीतले दोन कॉम्प्युटर मी जोडून दिले होते. वर्गणीच्या दिवसांत पासवर्ड कोण लक्षात ठेवणार, म्हणून कार्यकर्त्यांनी नको म्हटलं आणि मी ‘एव्हरीवन’ला ‘फुल कंट्रोल’, म्हणजे कुणालाही काहीही करायची मुभा, देऊन टाकला. गणपतीला बारा दिवस असताना एका मुलाने मेलमधून आलेली एक फाइल उघडली. मी पोचलो तेव्हा स्क्रीनवर फोल्डर तसंच होतं, वर्षांची नावं तशीच, पण आतल्या एकेका फोटोच्या नावामागे एक अनोळखी शेपूट लागलेलं. ज्या मशीनवर फाइल उघडली तिथलं गेलंच, शेजारच्या मशीनवरचंही गेलं, कारण मधलं दार मी सताड उघडं ठेवलं होतं. हिशेब पावतीपुस्तकांवरून पुन्हा उभा केला. अकरा वर्षांच्या मूर्तींचे आणि देखाव्यांचे फोटो कायमचे गेले. त्यानंतर मी पासवर्डाशिवाय एकही फोल्डर शेअर केलेलं नाही.

आता बाबांचं मशीन. त्याची नेटवर्कची केबल काढून ठेवा. पेजमेकरला इंटरनेट लागत नाही आणि फॉन्टच्या लॉकलाही नाही. फाइली न्यायला एक पेनड्राइव्ह वेगळा ठेवा, फक्त याच कामाचा, आणि तो फॅट ३२ मध्ये, म्हणजे फाइली मांडायच्या जुन्या पद्धतीत, फॉरमॅट करा. हल्ली बरेच मोठे पेनड्राइव्ह एक्सफॅटमध्ये येतात. एक्सपीला ते वेगळा अपडेट घातल्याशिवाय वाचता येत नाहीत, आणि मग पेनड्राइव्हच खराब म्हणून फेकला जातो. फॅट ३२ वर चार जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही, पण पत्रिकेला ती अडचण येणार नाही. तुमच्या लॅपटॉपला लावल्यावर उघडण्याआधी राइट क्लिक करून स्कॅन करायचा, दर वेळी.

बाबांकडून पेजमेकरची फाइल न घेता पीडीएफ घ्या, फॉन्ट आत बसवलेली. त्या जुन्या फॉन्टांमध्ये देवनागरीची वळणं इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेली असतात. फॉन्ट नसलेल्या मशीनवर तोच मजकूर उघडला की ‘श्री गणेशाय नमः’च्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा काला दिसतो. माझ्याकडे लोक ‘फाइल करप्ट झाली’ म्हणून येतात. फाइल धडधाकट असते, फॉन्ट नसतो. बाबांची ‘मॅटर’ची फोल्डरं अशी टाकाऊ समजून कुणी पुसू नयेत, एवढं घरात सगळ्यांना सांगून ठेवा. आणि या रविवारीच ती सगळी पेनड्राइव्हने भावाच्या डेस्कटॉपवर उतरवा, कारण त्या मशीनची हार्ड डिस्क त्याच्याइतकीच जुनी असणार.

भावाच्या आणि तुमच्या मशीनमध्ये मात्र शेअरिंग खुशाल करा. दोन्ही नवी आवृत्ती बोलतात. पासवर्ड घेत नाही त्याचं कारण मला जवळजवळ नक्की वाटतं : तुम्ही भावाचा पिन टाकताय. पिन त्या मशीनसमोर बसून उघडण्यापुरता असतो, नेटवर्कवरून चालत नाही. आणि ज्या खात्याला पासवर्डच नाही, त्यालाही विंडोज नेटवर्कवरून आत घेत नाही.

म्हणून भावाच्या डेस्कटॉपवर एक वेगळं लोकल खातं उघडा. सेटिंग्जमध्ये अकाउंट्समध्ये जाऊन नवीन युजर घ्या. ईमेल विचारेल तिथे मायक्रोसॉफ्ट अकाउंटशिवाय जोडण्याचा पर्याय निवडा. नाव इंग्रजीत, मधे जागा न सोडता. पासवर्ड नीट ठेवा आणि वहीत लिहून ठेवा. मग दोन्ही मशीनवर नेटवर्क ‘प्रायव्हेट’ आहे ना ते बघा. नवा लॅपटॉप वायफायला जोडताना ते सहसा ‘पब्लिक’ राहतं आणि शेअरिंग अडतं. राउटरचं ‘गेस्ट’ वायफाय वापरत असाल तर मुख्य वायफायवर या.

लोक अडतात ते यापुढे. फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘शेअरिंग’ आणि ‘सिक्युरिटी’ असे दोन टॅब असतात. नव्या खात्याला दोन्हीकडे परवानगी द्यावी लागते, आणि दोन्हींत जी कडक असेल तीच चालते. शेअरिंगमध्ये सगळं दिलं आणि सिक्युरिटीत नाव नसलं तर दार उघडतं, पण आत पाऊल टाकता येत नाही. ‘शेअरिंग’मधून ‘एव्हरीवन’ काढून टाका.

लॅपटॉपवर नेटवर्कच्या यादीत डेस्कटॉप दिसायची वाट बघू नका, ती यादी बेभरवशाची आहे. विंडोजची कळ आणि ‘आर’ दाबा, दोन उलट्या तिरप्या रेघा (\\) काढून त्यांना लागून भावाच्या कॉम्प्युटरचं नाव लिहा. नाव-पासवर्ड विचारेल तेव्हा आधी कॉम्प्युटरचं नाव, एक उलटी तिरपी रेघ आणि मग खात्याचं नाव. एकदा उघडलं की ‘मॅप नेटवर्क ड्राइव्ह’ करून ठेवा, म्हणजे ते फोल्डर लॅपटॉपवर ड्राइव्हसारखं दिसेल.

भावाच्या विंडोज १० चाही नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. मशीन पात्र असेल तर ११ वर न्यायला सांगा.

प्रश्न : आमच्या दोन कॉम्प्युटरमध्ये विंडोज ७ असल्यापासून होमग्रुप, म्हणजे घरच्या कॉम्प्युटरांनी फाइली वाटून घ्यायची विंडोजची सोय, होता. एकावर विंडोज १० घातल्यावर त्यात होमग्रुप सापडतच नाही. कुठे गेला?
— एक वाचक, मुलुंड

उत्तर : काढून टाकला. एप्रिल २०१८ च्या १८०३ आवृत्तीपासून विंडोज १० मध्ये तो नाही, शोधत बसू नका. वर गिरगावच्या ताईंना सांगितलेली लोकल खात्याची रीत तुम्हालाही चालेल. विंडोज ७ ला दुसरी आवृत्ती येत असल्याने एसएमबी १ ला हात लावायची गरज नाही. फक्त होमग्रुपच्या काळात शेअर केलेली फोल्डरं अजून तशीच शेअर असू शकतात. ‘कॉम्प्युटर मॅनेजमेंट’मध्ये ‘शेअर्ड फोल्डर्स’ उघडून ती बघा आणि नको असतील ती बंद करा. शेवटी डॉलरची खूण असलेली विंडोजची स्वतःची असतात, ती तशीच राहू द्या.