म्हापशात पावसाळ्यात लॅपटॉपचं एक बटण आपोआप दाबलं जातं, ते बंद कसं करू?

म्हापशाच्या दमट हवेत हे होतं खरं. विंडोज असेल तर शार्पकीज हे मोफत सॉफ्टवेअर घ्या. 'अ‍ॅड' दाबून डावीकडे ते बटण, उजवीकडे 'टर्न की ऑफ' निवडा, 'राइट टू रजिस्ट्री' करा (म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या नोंदवहीत तशी नोंद होते) आणि लॅपटॉप रीस्टार्ट करा. मायक्रोसॉफ्टच्या पॉवरटॉइज या मोफत सॉफ्टवेअरमधल्या कीबोर्ड मॅनेजरनेही बटण बंद करता येतं; त्याला रीस्टार्ट लागत नाही, पण तो लॉगिन स्क्रीनवर चालत नाही. पासवर्ड टाकतानाच बटण छळणार, म्हणून मी शार्पकीजच सुचवेन.

ते अक्षर पासवर्डमध्ये असेल तर आधी पासवर्ड बदला, हे विसरू नका! आणि बाहेरून यूएसबी कीबोर्ड जोडलात तरी त्यावरचंही तेच बटण बंद राहील; ही नोंद सगळ्याच कीबोर्डना लागू होते. बटण दुरुस्त झालं की शार्पकीजमधून ती काढून पुन्हा रीस्टार्ट करा.