रात्रीचा उकाडा आणि भाताचा दाणा

प्रश्न : भाताला पाणी, खत वेळेवर दिले. दिवसाचे तापमान नेहमीएवढेच होते, रात्री मात्र उकाडा होता. लोंब्या चांगल्या दिसत होत्या, तरी वजन घटले आणि भरडताना कणी फार पडली. हा रात्रीच्या उकाड्याचा परिणाम का? हेच भात बियाण्याला ठेवावे का?

उत्तर : लक्षणे उकाड्याचीच आहेत. पीक अन्न दिवसा तयार करते, पण श्वसन रात्रभर चालते. रात्र उबदार असली की त्याचा वेग वाढतो आणि दाण्यात जायची साखर पाने-खोडातच खर्ची पडते. फिलिपिन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत १९९२ ते २००३ या काळातील प्रयोगांत, कोरड्या हंगामात किमान तापमान १ अंशाने वाढले की उत्पादन सुमारे १० टक्के घटलेले आढळले. कमाल तापमानाचा तसा परिणाम दिसला नाही. म्हणून नुसत्या सरासरीवर जाऊ नका. दिवसा ३४ व रात्री २२, किंवा दिवसा ३१ व रात्री २५. सरासरी दोन्हीकडे २८च, पण दाणा सारखा भरत नाही.

तूस काढून तांदूळ उजेडासमोर धरा. पोटात खडूसारखा पांढरा डाग दिसेल. हा रोग नव्हे. स्टार्चचे कण घट्ट न बसल्याने मध्ये हवा राहते आणि दाणा तिथेच तुटतो.

पुढच्या वेळी निसवल्यानंतरचे (लोंबी बाहेर पडल्यानंतरचे) तीन आठवडे थंड रात्रींत येतील अशी पेरणी धरा. सगळे नत्र सुरुवातीलाच देऊ नका. दाणे भरताना ते कमी पडले की पांढरे दाणे वाढतात. शेतातले पाणीही लवकर तोडू नका.

बियाण्याचे म्हणाल तर आधी १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवून त्यात भात टाका. तरंगलेले पोचट काढा, बुडालेले दोन-तीनदा धुऊन सावलीत वाळवा. त्यातले १०० दाणे ओल्या कागदात ठेवून पाचव्या आणि चौदाव्या दिवशी मोजा. चौदाव्या दिवशीचा आकडा चांगला, पण पाचव्या दिवशीचा फार कमी, तर बियाण्यात जोम नाही. शेतात ते विरळ, मागेपुढे उगवेल. शेवटची उगवण ८० टक्क्यांखाली असेल तर असे भात भरडायला काढा. ठेवायचेच असेल तर ओलावा १२ टक्क्यांवर आणून थंड, कोरड्या जागी ठेवा. साठवणीतल्या उकाड्यानेही बियाण्याचे आयुष्य झपाट्याने घटते.