परक्या भूमीवरचं सैन्य आणि तिथली माणसं : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

श्रीलंकेत १९८७ ते १९९० या काळात गेलेल्या भारतीय शांतिसेनेवर गेल्या महिन्यात या सदरात लिहिलं होतं. परक्या देशात उतरलेलं सैन्य तिथल्या सामान्य माणसाचा विश्वास कसा मिळवतं आणि कसा गमावतं, हा लेखाचा विषय होता. त्यावर आलेल्या पत्रांतले काही प्रश्न आज घेतो आहे. काही पत्रं अशा घरांतून आली आहेत, जिथला माणूस श्रीलंकेहून परतलाच नाही. त्यांच्याशी बोलताना शब्द जपून वापरायला हवेत, पण खरं सांगायचं टाळलं तर तो त्यांचा मान ठरणार नाही.

जाफन्यातल्या लोकांनी आपल्या जवानांना हार घातले होते, असं तुम्ही लिहिलंत. मग दोन-अडीच महिन्यांत तीच माणसं उलटली कशी? त्यांना फितवलं गेलं का?
*– स्पर्धा परीक्षेचा विद्यार्थी, पुणे*

‘फितवलं गेलं’ हे उत्तर सोपं आहे, म्हणून आपल्याकडे ते वर्षानुवर्षं चाललं. घटना ओळीनं मांडून पाहा, चित्र वेगळं दिसेल.

४ जून १९८७ रोजी भारतीय हवाई दलाच्या पाच एएन-३२ विमानांनी श्रीलंकेच्या सैन्याच्या वेढ्यात सापडलेल्या, उत्तरेकडच्या तमिळबहुल जाफन्यावर अन्नधान्य टाकलं. २९ जुलैला कोलंबोत राजीव गांधी आणि श्रीलंकेचे अध्यक्ष जयवर्धने यांनी करारावर सह्या केल्या आणि लगेच आपलं सैन्य जाफन्याजवळच्या पलाली विमानतळावर उतरलं. लोकांनी हार घातले ते या समजुतीनं, की आता श्रीलंकेच्या सैन्यापासून आपल्याला कुणीतरी वाचवणार आहे. करारात मात्र सैन्याचं काम होतं तमिळ संघटनांची शस्त्रं जमा करून घेण्याचं. त्यातल्या सगळ्यात प्रबळ संघटनेची, एलटीटीईची, तर त्या करारावर सहीही नव्हती. लोकांना हवी होती एक गोष्ट आणि सैन्याला सांगितलं होतं दुसरंच काम. हे अंतर पहिल्याच दिवशी होतं, फक्त हारांमुळे ते दिसलं नाही.

१५ सप्टेंबरला तिलीपन हा एलटीटीईचा तरुण नल्लूरच्या कंदस्वामी मंदिराजवळ उपोषणाला बसला. त्यानं पाणीही घेतलं नाही. त्याच्या पाच मागण्या होत्या : कैदेतल्या तमिळांना सोडा, पुनर्वसनाच्या नावाखाली तमिळ भागात सिंहली वसाहती वसवू नका, नवी पोलीस ठाणी उघडू नका, अशा. यातली एकही मागणी भारतीय सेनाधिकाऱ्यांच्या हातातली नव्हती. पण मांडवात रोज जमणारे हजारो लोक उत्तराची वाट पाहत होते ते भारताकडूनच, कारण जबाबदारी भारतानं अंगावर घेतली होती. २६ सप्टेंबरला तो गेला. ज्या देशानं उपोषणाला राजकारणात एवढं मोठं स्थान दिलं, त्याच देशाच्या पहाऱ्यात एक पोरगा तहानेनं मेला, हे जाफन्यातल्या आयाबायांच्या मनात कायमचं राहिलं. एलटीटीईनं हे जाणूनबुजून घडवून आणलं, असं म्हणणारे आहेत आणि त्यात तथ्यही आहे. पण प्रतिपक्ष असा डाव टाकणार हे धरूनच सैन्यानं पाऊल टाकायचं असतं.

पुढे ५ ऑक्टोबर. श्रीलंकेच्या नौदलानं पकडलेल्या एलटीटीईच्या माणसांना कोलंबोला नेण्याचा हट्ट तिथल्या सरकारनं धरला. त्यांची सुटका करवून घेणं आपल्याला जमलं नाही. पलालीच्या तळावर त्यांनी सायनाइड घेतलं, बारा जण गेले. त्यानंतर एलटीटीईनं पूर्वेकडच्या सिंहली रहिवाशांच्या हत्या केल्या आणि १० ऑक्टोबरला ‘ऑपरेशन पवन’ ही आपल्या सैन्याची एलटीटीईविरुद्धची मोहीम सुरू झाली. पहिल्याच दिवशी सैन्यानं जाफन्यातल्या दोन तमिळ वृत्तपत्रांचे छापखाने उडवले. ज्या माणसांपर्यंत आपली बाजू पोचवायची, त्यांच्याशी बोलण्याचं साधनच आपण मोडलं.

तेव्हा माझं म्हणणं हे : जे पाळण्याचा अधिकार आपल्या हातात नाही, त्याचं वचन सैन्याच्या नुसत्या येण्यातूनही दिलं जातं. ते मोडलं की लोक सैन्याच्या हेतूंची चर्चा करत बसत नाहीत. आज रात्री आणि पुढच्या वर्षी इथे कोण असणार आहे, एवढंच ते पाहतात आणि त्याप्रमाणे वागतात. एलटीटीई तिथे असणार होती.

माझे वडील १९८८ मध्ये तिथे होते. ते म्हणायचे, दिवसा नारळ विकणारा पोरगा रात्री सुरुंग पेरायचा, ओळखायचं कसं? तुमचा लेख वाचून जवानांना दोष दिल्यासारखं वाटलं.
*– निवृत्त हवालदारांची मुलगी, सातारा*

ताई, तुमच्या वडिलांचा प्रश्न या विषयातला सगळ्यात अवघड प्रश्न आहे, आणि तो त्यांच्यासारख्या शेकडो जवानांवर कसलीही तयारी न करून देता टाकला गेला. मद्रास रेजिमेंटसारख्या पलटणी सोडल्या तर तमिळ समजणारे मोजके. नकाशे अपुरे. आदल्या दिवशी ज्यांच्याशी चहा घेतला, त्यांच्यावर दुसऱ्या दिवशी बंदूक रोखायची. जाफना विद्यापीठाच्या मैदानावर ११-१२ ऑक्टोबरच्या रात्री उतरलेल्या शीख लाइट इन्फन्ट्रीच्या ३० जवानांपैकी २९ मारले गेले. महार रेजिमेंटच्या आठव्या बटालियनचे मेजर रामस्वामी परमेश्वरन, मुंबईत जन्मलेले, २५ नोव्हेंबरला एका गावातली झडती संपवून परतत असताना दबा धरून बसलेल्यांशी लढताना पडले. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. या शौर्यापुढे मी नतमस्तकच आहे.

आता ‘ओळखायचं कसं’ याबद्दल. माहिती मिळाली की विश्वास वाढवता येईल, असं सैन्यांना वाटतं. प्रत्यक्षात क्रम उलटा असतो. सुरुंग कुठे पुरलाय हे गावातल्या म्हातारीला ठाऊक असतं. ते सांगितल्यावर आपला जीव वाचेल अशी खात्री वाटली तरच ती सांगते. ती खात्री नसते तेव्हा सैन्य दुसऱ्या वाटा धरतं. सगळ्या गावाला मैदानात बसवायचं आणि तोंड झाकलेल्या खबऱ्यानं मान हलवली की त्या माणसाला उचलायचं, ही पद्धत श्रीलंकेतही वापरली गेली. खबऱ्याचं कुणाशी जुनं वैर आहे, हे परक्या अधिकाऱ्याला कळायला मार्ग नसतो. अशी एक चुकीची अटक म्हणजे एक घर, त्याची भावकी आणि अर्धी आळी कायमची हातची जाते.

आणि एक गोष्ट मी लेखात लिहिली होती, ती मागे घेणार नाही. २१ ऑक्टोबर १९८७, दिवाळीचा दिवस. जाफन्याच्या सरकारी रुग्णालयात सैन्य शिरलं आणि डॉक्टर, परिचारिका, रुग्ण मिळून साठहून अधिक माणसं मेली. आतून गोळीबार झाला, असं सैन्याचं म्हणणं. एलटीटीईचे लोक आधीच निघून गेले होते, असं वाचलेल्या कर्मचाऱ्यांचं म्हणणं. उघड चौकशी होऊन कुणाला शिक्षा झाल्याचं जाफन्यानं कधी पाहिलं नाही. तुमच्या वडिलांचा त्याच्याशी काही संबंध नाही. पण पुढच्या वर्षी त्यांच्याकडे त्या भागातल्या लोकांनी ज्या नजरेनं पाहिलं, त्या नजरेत ते रुग्णालय होतं. सैन्यानं नंतर वीज, रस्ते, दवाखाने सुरू करायला खूप कष्ट घेतले, तरी ते पुसलं गेलं नाही.

अमेरिकेनं अफगाणिस्तानात एवढा पैसा ओतला, शाळा बांधल्या, रस्ते केले. तरी लोक तिच्या बाजूला का गेले नाहीत?
*– सिव्हिल इंजिनीअर, दुबई (मूळ गाव चिपळूण)*

पुनर्बांधणीसाठी अमेरिकेनं वीस वर्षांत सुमारे १४५ अब्ज डॉलर मंजूर केले. लहानशा तुकडीच्या कमांडरलाही गावात विहीर, मोरी, शाळेची खोली यांसाठी खर्च करायला पैसे मिळत. अधिकारी सहा महिन्यांनी किंवा वर्षानं बदलायचा, नव्याला आपल्या काळात किती कामं झाली ते दाखवायचं असायचं, म्हणून पैसा वेगानं सुटायचा. तुम्ही बांधकामातले, त्यामुळे पुढचं सांगायला नको : कंत्राट कुणाला मिळालं यावर गावात नवी भांडणं लागली. अमेरिकी तळांना रसद पोचवणाऱ्या ट्रकांचे मालक वाटेत हल्ला होऊ नये म्हणून स्थानिक सरदारांना पैसे मोजत आणि त्यातला वाटा तालिबानपर्यंत जाई. २०१० मध्ये अमेरिकी संसदेच्याच समितीनं हे उघड केलं.

पैशापेक्षा मोठी गोष्ट न्यायाची होती. जमिनीच्या बांधावरून दोन भाऊ भांडतात. सरकारी न्यायालय दूर, तिथे लाच, निकालाला वर्षं लागणार. तालिबानचा काझी मोटारसायकलवरून येई, दोन्ही बाजू ऐके, थोड्या दिवसांत निकाल देई आणि तो पाळायला लावी. तो क्रूर होता, बायकांना तर त्याच्याकडे न्याय नव्हताच. तरीही दक्षिणेतल्या अनेक जिल्ह्यांत शेतकरी त्याच्याकडे जात, कारण त्याचा निकाल उद्याही लागू राहणार होता. शाळेची इमारत छान आहे, पण शिक्षक यायला घाबरतो आणि बांधाचा वाद तसाच आहे, अशा गावात इमारतीकडे पाहून कुणी आपला जीव धोक्यात घालत नाही.

भारतानं तिथे लढणारं सैन्य न पाठवता झरंज ते देलाराम हा २१८ किलोमीटरचा रस्ता आणि हेरात प्रांतातलं सलमा धरण बांधलं. त्याबद्दल अफगाण माणूस आपुलकीनं बोलतो. पण आपण त्याच्या दारात रात्री झडतीला गेलो नव्हतो, हा मोठा फरक आहे. ही तुलना करताना आपण फार फुशारून जाऊ नये.

चूक झाली आणि निरपराध माणसं मेली, तर सैन्यानं काय करावं? माफी मागितल्यानं शत्रूच्या हातात कोलीत मिळत नाही का?
*– कनिष्ठ महाविद्यालयातील प्राध्यापिका, लातूर*

कोलीत नाकारण्यानं मिळतं. २२ ऑगस्ट २००८ रोजी हेरात प्रांतातल्या अझीझाबादवर अमेरिकी हल्ला झाला. संयुक्त राष्ट्रांनी ९० नागरिक मेल्याचं सांगितलं, अमेरिकी सैन्य आधी पाच ते सात म्हणालं आणि मोबाईलवरची चित्रं बाहेर आल्यावर नवी चौकशी करून ३३ वर आलं. ज्यांनी प्रेतं पुरली, त्यांच्यापुढे आकडे लपवून उपयोग काय? त्यानंतर या सैन्याचं खरं निवेदनही कुणी खरं मानेना.

दुसरं उदाहरण १२ फेब्रुवारी २०१० चं, गरदेझजवळच्या खटाबा गावातलं. रात्रीच्या छाप्यात एका घरातली पाच माणसं मारली गेली, त्यात दोन गरोदर बायका होत्या. सैन्यानं आधी सांगितलं की बायका छाप्यापूर्वीच मेलेल्या होत्या. हे खोटं उघडं पडल्यावर एप्रिलमध्ये व्हाइस ॲडमिरल विल्यम मॅकरेव्हन स्वतः त्या घरी गेले. पश्तून रिवाजाप्रमाणे बरोबर मेंढ्या नेल्या आणि घरच्या म्हाताऱ्यासमोर माफी मागितली. अशी जाहीर, माणसासमोरची माफी लोक मानतात. पण ती दोन महिन्यांच्या खोट्यानंतर आली, आणि रात्रीचे छापे तर पुढे वाढतच गेले. माफी लवकर यायला हवी, ती अधिकारानं मोठ्या माणसानं मागायला हवी, भरपाई हातात पडायला हवी आणि ज्यानं केलं त्याचं पुढे काय झालं हे गावाला कळायला हवं. यातली शेवटची गोष्ट जवळजवळ कुठेच होत नाही.

मलायात इंग्रजांनी ‘लोकांची मनं जिंकून’ बंड मोडलं, असं वाचलं होतं. खरं आहे का?
*– निवृत्त बँक कर्मचारी, मडगाव*

अर्धं. मलायातल्या (आजच्या मलेशियातल्या) कम्युनिस्ट बंडाच्या वेळचे इंग्रजांचे तिथले प्रमुख जनरल टेम्पलर यांचं नाव घेतलं जातं, पण त्यांच्या आधीच लाखो लोकांना, बहुतेक चिनी वंशाच्या कष्टकऱ्यांना, झोपड्यांतून उठवून कुंपणाच्या वस्त्यांत नेलं होतं. टेम्पलर आल्यावर मार्च १९५२ मध्ये तंजोंग मालिम या गावाला शिक्षा म्हणून दिवसात बावीस तासांची संचारबंदी लावली आणि तांदळाचा शिधा कापला. ही मनं जिंकण्याची रीत नव्हे. खरा फरक पडला तो चिनी वंशाच्या लोकांना नागरिकत्वाचा मार्ग खुला होऊ लागला आणि इंग्रज जाणार हे नक्की झालं तेव्हा. ३१ ऑगस्ट १९५७ रोजी देश स्वतंत्र झाला आणि परक्यांविरुद्ध लढण्याचं बंडखोरांचं मुख्य कारण संपलं.

महिला पोलीस किंवा महिला जवान असल्यानं खरंच फरक पडतो, की ते फोटोपुरतं?
*– प्रशिक्षणार्थी पोलीस उपनिरीक्षक, नाशिक*

पडतो. लायबेरियात २००७ पासून २०१६ पर्यंत भारतीय महिला पोलिसांची तुकडी संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमेत होती. ती त्या प्रकारची जगातली पहिलीच. राजधानी मन्रोव्हियात रात्रीची गस्त घालणाऱ्या या बायकांना पाहून तिथल्या मुली पोलिसात येऊ लागल्या. पण लक्षात घ्या, तिथलं युद्ध थांबलं होतं, निवडून आलेलं सरकार होतं आणि तुकडी बोलावल्यावरून गेली होती. झडतीच्या वेळी सोबत एक महिला नेली म्हणून झडतीचा अपमान कमी होतो असं समजू नका. बायकांशी बोलायला, त्यांची तक्रार ऐकायला आणि तिच्यावर काही करायला ती असेल, तर तिचा उपयोग.

ज्या स्थानिकांनी आपल्या सैन्याला साथ दिली, त्यांचं पुढे काय होतं? याबद्दल कुणी लिहीत नाही.
*– माजी सैनिकाची पत्नी, कोल्हापूर*

लिहायलाच हवं, आणि श्रीलंकेपुरतं तरी आपण लिहायला हवं. १९८८ च्या प्रांतिक निवडणुकीनंतर भारताच्या पाठिंब्यानं ईपीआरएलएफ या एलटीटीईविरोधी तमिळ संघटनेचे वरदराज पेरुमल तिथल्या प्रांताचे मुख्यमंत्री झाले. आपण निघणार हे दिसू लागल्यावर १९८९ मध्ये पेरुमल सरकारच्या बाजूनं लढायला ‘तमिळ नॅशनल आर्मी’ ही स्थानिक फौज उभी करण्यात आली. तिच्यासाठी कोवळी मुलं रस्त्यावरून, घराघरांतून जबरदस्तीनं उचलली. त्यांच्या आयांनी भारताला तेव्हा जे शाप दिले, ते आपल्याकडे फार थोड्यांना माहीत आहेत. आपली शेवटची तुकडी २४ मार्च १९९० रोजी त्रिंकोमालीहून निघाली. अर्धवट शिकवलेली ती पोरं एलटीटीईसमोर उभी राहिली आणि संपली. पेरुमल भारतात आले. ईपीआरएलएफचे नेते पद्मनाभ यांना त्याच वर्षी जूनमध्ये चेन्नईत सहकाऱ्यांसह मारण्यात आलं.

ऑगस्ट २०२१ मध्ये काबूलच्या विमानतळावर दुभाषांची जी गर्दी जगानं पाहिली, तीही याच प्रकारची. परक्या सैन्यासाठी भाषांतर करणारा, वाट दाखवणारा, शिपाईगिरी करणारा माणूस आपलं सगळं घर पणाला लावतो. म्हणून त्याला कामावर घेतानाच त्याच्या कुटुंबाचं नाव नोंदलेलं हवं, व्हिसाची तजवीज झालेली हवी आणि सैन्य निघण्याच्या कितीतरी आधी ती माणसं निघालेली हवीत. हे काम सेनापतीचं नाही, ते दिल्लीत किंवा वॉशिंग्टनमध्ये, पहिली तुकडी निघण्यापूर्वी व्हायचं असतं. आपल्या पुढच्या कुठल्याही मोहिमेवर संसदेत चर्चा झाली, तर एका तरी खासदारानं हा प्रश्न विचारावा, अशी माझी मनापासून इच्छा आहे.