पाच माणसं, अडीच तिकिटं

कोथरूड, पुणे

चिरंजीवास अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझा मेसेज वाचला आणि दोन दिवस उत्तर दिलं नाही, कारण पहिलं उत्तर रागातच गेलं असतं. परदेशातलं सहा दिवसांचं पॅकेज, दीड लाख रुपये, बारा हप्ते; नाहीतर हातातल्या वीस हजारांत मुलांना घेऊन कुठे जाऊ, असं विचारलंस. मोठा सहा वर्षांचा, धाकटी अडीच वर्षांची. मी तीस वर्षं अकाउंट्समध्ये काढली आणि तूही शेजारच्याच टेबलावर बसून व्हाउचर लिहायला शिकलास. जूनमध्ये शाळेची फी भरताना जानेवारीतल्या मजेचा सहावा हप्ता कापला जाईल, तेव्हा कसं वाटेल ते तूच लिहून काढ. ऑफिसातले सगळे जातात म्हणून जायचं असेल तर मुलं दहा-बारा वर्षांची होऊ देत. तोवर दर महिन्याला थोडे थोडे आवर्ती ठेवीत टाक आणि रोख पैशाने जा.

आता खरं काय ते सांगते. 1991 साली आम्ही दोन दिवसांत अष्टविनायक केले होते. मुलगी चार वर्षांची, मुलगा दीड वर्षाचा. कुठल्याशा जीपमध्ये नऊ माणसं कोंबलेली. लेण्याद्रीच्या तीनशेच्या आसपास पायऱ्या मी मुलाला कडेवर घेऊन चढले, आणि वर पोचल्यावर त्याने कपडे भरवले. दुसऱ्या दिवशी पालीच्या रस्त्यावर मुलीला गाडी लागली, जीपवाला चिडला, ह्यांनी त्याच्यावर आवाज चढवला आणि मग घरी येईपर्यंत कोणी कोणाशी बोललं नाही. आठ देवळं झाली. शाळेत 'माझी सहल' लिहायला सांगितली, तेव्हा पोरीने लिहिलं, 'ओझरला बकरीने माझं बिस्कीट खाल्लं.' एवढंच. बकरी तर पर्वतीच्या पायथ्यालाही मिळाली असती.

तेव्हापासून मी एकच मुक्काम धरते. एक गाव, एक खोली, तीन रात्री. सामान एकदाच उघडायचं आणि एकदाच भरायचं. तुझे वीस हजार पुरतील की नाही, हे गावावर फारसं ठरत नाही. रोज नव्या ठिकाणी पळालास की प्रत्येक बदलाला गाडी, हमाल, बाहेरचं जेवण आणि रडणाऱ्या पोराला शांत करायला आइस्क्रीम, असं पैसे गळत राहतात.

माझ्या मते तुम्ही कोकणात, दिवेआगरच्या समुद्रावर जा. ताम्हिणी घाटातून माणगाव, म्हसळा, बोर्लीपंचतन करत साधारण 160 किलोमीटर. मुलं बरोबर असली की पाच तास धर. स्वतःची गाडी नेलीस तर जाऊन-येऊन आणि तिथलं हिंडणं मिळून चारशेच्या आत बसेल, म्हणजे पंचवीसेक लिटर पेट्रोल. एसटीने गेलास तर हिशेब गमतीचा आहे. पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट नाही, पाच ते बारा वर्षांना अर्धं, आणि मार्च 2023 पासून बायकांनाही अर्धं. तुझं एक पूर्ण, बायकोचं अर्धं, थोरल्याचं अर्धं. चौघं जण दोन तिकिटांत. तुझ्या आईंनी पंचाहत्तरी ओलांडली असेल तर त्यांना तिकीटच नाही, घेऊन जा त्यांना. फक्त धाकटीला स्वतंत्र सीट मिळणार नाही, पाच तास मांडीवर घ्यावं लागेल. ते जमणार असेल तरच एसटी.

गेल्या जानेवारीत लेक, जावई, दोन नातवंडं आणि मी, असे पाच जण एसटीनेच गेलो. सत्तरीची मी, अर्ध्या तिकिटात बसले, आणि पाचांचं अडीच तिकिटांत भागलं. वहीतला खर्च देते: एसटी आणि रिक्षा 2,300, खोली 2,200 प्रमाणे तीन रात्रींचे 6,600, जेवण-नाश्ता 5,150, शहाळी, घोडागाडी आणि फाजीलपणा 1,450. एकूण 15,500. फाजीलपणाचा रकाना वहीत ठेवच. तो नसला की माणूस दर शहाळ्याला भाव करत बसतो आणि मुलांचं तोंड पडतं.

जायचे दिवस नीट निवड. नाताळचा आठवडा, 26 जानेवारीला जोडून आलेला शनिवार-रविवार, दिवाळीची सुट्टी, हे सगळं टाळ. थोरला अजून पहिलीत नाही, तीन दिवस शाळा बुडली तर काही बिघडत नाही. दोन-चार वर्षांनी ही चैन राहणार नाही. रविवारी सकाळी निघ आणि बुधवारी परत ये. रविवारी दुपारी मुंबई-पुण्याची गर्दी परत फिरते, खोल्या रिकाम्या होतात, आणि यजमान भावाचं बोलायला तयार असतो. शनिवारी तोच माणूस फोनसुद्धा उचलत नाही.

'घरगुती जेवण व राहण्याची सोय' अशी पाटी गावात जागोजागी दिसेल. रिसॉर्टपेक्षा तिथेच राहा, पण फोनवर विचारायचं ते स्पष्ट विचार. संडास खोलीला लागून आहे का. आंघोळीचं गरम पाणी किती वाजेपर्यंत मिळतं. वीज गेली तर पंखा चालतो का. लहान मुलांचं पूर्ण ताट लावतात की आपल्यातलं वाढलं तर चालतं. आणि वाडीतल्या विहिरीला कठडा आणि वर जाळी आहे का, हे सगळ्यांत आधी. कोकणातली वाडी म्हणजे मुलांना स्वर्ग, सुपारीची सावली, पाटाचं पाणी, मांजरं. पण उघड्या विहिरीजवळ अडीच वर्षांचं पोर मी एक मिनिट सोडणार नाही. नारळाखाली चटईही टाकू नकोस. चपला-बूट झटकून घालायची सवय दोघांना निघण्याआधीच लाव. विंचवाच्या दंशावर प्राझोसिन या औषधाचा उपचार रूढ करणाऱ्या डॉ. हिंमतराव बावस्करांचं काम त्याच जिल्ह्यातल्या महाडचं, यावरून तिथल्या विंचवांची कल्पना कर. रात्री दवाखाना कुठे उघडा असतो, तेही यजमानांना विचारून ठेव.

समुद्राचं वेळापत्रक भिंतीवरच्या कालनिर्णयात आहे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती, आणि त्याच्या सहा तास अलीकडे-पलीकडे ओहोटी. पौर्णिमा-अमावास्या म्हणजे पंधरावी तिथी, तेव्हा भरती दुपारच्या आधी येते, म्हणून संध्याकाळी पाच-साडेपाचला पाणी लांब गेलेलं असतं आणि ओली, सपाट वाळू मैलभर मोकळी मिळते. लहान मुलांना याहून चांगलं मैदान नाही. त्या तिथ्यांना जोडूनचे दिवस मिळाले तर बघ. पण ओहोटी लागलेली असताना पाणी आत ओढतं, तेव्हा खेळ वाळूत, पाय फक्त घोट्यापर्यंत, आणि एक मोठं माणूस कायम समुद्राच्या बाजूला उभं. हरिहरेश्वरची खडकांवरची प्रदक्षिणा मुलांना घेऊन करायचीच नाही. कोणी कितीही म्हटलं, 'आत्ता ओहोटी आहे, चला,' तरी नाही.

दिवसाला एकच कार्यक्रम ठेव. सकाळी समुद्र, दुपारी एक ते तीन झोप, संध्याकाळी पुन्हा समुद्र. जंजिऱ्याचं खूळ या खेपेला काढून टाक. होडीतून किल्ल्यावर उतरताना एका हातात पोर असेल तर दुसरा हात कशाला धरणार?

घाटात गाडी लागण्याचं एक राहिलं. निघताना दूध देऊ नकोस, कोरडी पोळी किंवा खाकरा दे. मोबाइल नको, नजर समोरच्या रस्त्यावर. आवळासुपारी थोरल्याला चालेल, धाकटीला नको, घशात अडकेल. पिशव्या, पंचा आणि कपड्यांचा एक जोड हाताशी ठेव. डिकीत ठेवलेला पंचा पुण्यात ठेवल्यासारखाच.

पुढचं खास तुला सांगायचं. स्वयंपाकघराची सोय असलेली खोली स्वस्त पडते म्हणून ती घेऊ नकोस, इंडक्शनची शेगडीही बरोबर नेऊ नकोस. मी त्या पापाची धनी आहे. 1996 ला महाबळेश्वरला मी चार दिवस कुकर लावला, आणि बाकीचे पॉइंट बघून आले. पोळ्या करायला घरचा ओटा काय वाईट होता? तिखटमिठाच्या पुऱ्या, मेतकूट, तूप, ओआरएसची पाकिटं आणि तुमच्या डॉक्टरांनी मुलांच्या वजनाप्रमाणे लिहून दिलेलं तापाचं औषध, एवढंच ने. यजमानीणबाईंना आदल्या रात्री सांगितलं की मऊ भात आणि बिनतिखट आमटी मिळते. आणि रोज सकाळी एक तास दोन्ही पोरं तुझ्याकडे. बायकोने त्या तासात झोपावं, समुद्रावर एकटीने चालावं, काहीही करावं. या तासाला खर्च शून्य आहे, म्हणून तो बजेटमध्ये कोणी लिहीत नाही.

समुद्र नकोच असेल तर माथेरान. तिथे मोटारींना बंदी असल्यामुळे रस्त्यावर मुलांची धास्ती जरा कमी. कर्जतला थांबणारी गाडी धर, तिथून लोकलने नेरळ, मग शेअर टॅक्सीने दस्तुरी नाका, आणि पुढे अमन लॉज स्टेशनाहून छोटी गाडी. ती रेल्वे 1907 पासूनची आहे, थोरला खूश होईल. रेल्वेत मात्र एक लक्षात ठेव, पाच ते बारा वर्षांच्या मुलाला वेगळी बर्थ घेतलीस तर पूर्ण भाडं पडतं. पण खोल्यांचे भाव मला तिथे चढे वाटले, आणि घोडेवाल्यांशी हुज्जत घालायला तुझ्यात दम नाही, हे मी ऑफिसात पाहिलंय.

आम्ही राहिलो त्या घराचा नंबर फोनवर देते. ठरवण्याआधी बायकोला हे पत्र वाचायला दे, कुकरचा भाग न वगळता. येताना माझ्यासाठी कोकमाचं आगळ आण, मीठ घातलेलं, दोन बाटल्या. आणि दिवाळीत चिवडा दिला होता तो स्टीलचा डबा अजून तुमच्याकडेच आहे. त्यातच पुऱ्या ने, म्हणजे डबा परत द्यायची आठवण राहील.

तुझी,
अकाउंट्सवाली ताई