नाशिकचे १२ आणि लीड्सचे ३८

‘ताई, मी लीड्सला राहते. भावाच्या लग्नाला नाशिकला गेले होते, तिथेच दिवस गेल्याचं कळलं. आईने लगेच तिच्या डॉक्टरांकडे नेलं. प्रोजेस्टेरॉन १२ आलं, “जरा कमी आहे” म्हणून त्यांनी डायड्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या सुरू केल्या. परत आल्यावर तिसऱ्या दिवशी अंगावरून लाल जायला लागलं. इथल्या अर्ली प्रेग्नन्सी युनिटमध्ये स्कॅन झाला. पिशवी गर्भाशयातच आहे, गर्भ ३ मिलिमीटरचा आहे, ठोके अजून दिसत नाहीत, पुढच्या आठवड्यात या, म्हणाले. हार्मोन तपासा म्हटलं तर “आम्ही तपासत नाही.” नेटवर इथला तक्ता पाहिला, त्यात ६० पाहिजे असं लिहिलंय, आणि माझं १२! गेल्या वर्षी नवव्या आठवड्यात माझं एकदा मिसकॅरेज झालंय. ते युनिटमध्ये कुणी विचारलं नाही, आणि घाबरून मीही बोलले नाही. आई म्हणते पलंगावरून उठू नकोस. सासूबाई म्हणतात विमानप्रवासाने झालं. नवरा म्हणतो इंडियाच्या गोळ्या आधी बंद कर. मी कोणाचं ऐकू?’

बाळा, आधी त्या १२ चं बघू, कारण त्याच आकड्याने तुझी झोप उडवली आहे.

नाशिकच्या रिपोर्टवर १२ च्या पुढे बारीक अक्षरात काय लिहिलंय ते वाच. भारतातल्या बहुतेक लॅब प्रोजेस्टेरॉन, म्हणजे गर्भ टिकायला लागणारं हार्मोन, नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरमध्ये देतात. ब्रिटनमध्ये ते नॅनोमोल प्रति लिटरमध्ये मोजतात. एका नॅनोग्रॅमचे साधारण ३.१८ नॅनोमोल होतात. म्हणजे तुझे नाशिकचे १२ इथल्या हिशेबाने ३८. तू १२ ची तुलना ६० शी करत बसलीस, ती इंचांची सेंटिमीटरशी केल्यासारखी झाली. ३८ हा आकडा फार उंच नाही, पण त्यावरून काही संपलंय असंही म्हणता येत नाही. शिवाय हे हार्मोन एकाच दिवसात वरखाली होतं. सकाळचं रक्त आणि संध्याकाळचं रक्त वेगळं बोलू शकतं.

आता “कमी” याचा अर्थ काय, ते. बीज सुटलं की अंडाशयात त्या जागी एक पिवळसर गाठ राहते, तिला कॉर्पस ल्युटियम म्हणतात. सुरुवातीचे आठवडे प्रोजेस्टेरॉन ती बनवते, आणि तिला चालू ठेवतं ते गर्भाकडून येणारं एचसीजी हे हार्मोन. सातव्या ते नवव्या आठवड्यापासून हळूहळू वार, म्हणजे प्लासेंटा, हे काम हातात घेते. म्हणून गर्भाची वाढच मुळात थांबत असेल, तर एचसीजी घटतं आणि मागोमाग प्रोजेस्टेरॉनही उतरतं. म्हणजे पुष्कळदा हार्मोन कमी झालं म्हणून गर्भ गेला असं नसतं, गर्भ थांबत होता म्हणून हार्मोन कमी झालेलं असतं. इथले डॉक्टर ते सरसकट तपासत नाहीत त्यामागे हे कारण आहे. तुला झटकून टाकायला नाही म्हणाले ते.

आणि तू नाशिकहून आणलेल्या गोळीतलं डायड्रोजेस्टेरॉन हे प्रोजेस्टेरॉनसारखं कृत्रिम औषध आहे, ते रक्ताच्या प्रोजेस्टेरॉन तपासणीत दिसतच नाही. गोळ्या घेऊन पुन्हा तपासलंस आणि आकडा हलला नाही, तरी त्यातून काहीच कळणार नाही. तेव्हा खासगी लॅबमध्ये पैसे घालवू नकोस.

इथवर वाचून वाटेल की ताई हात झटकतेय, जे होईल ते होईल म्हणतेय. तसं नाही. तुझ्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ तू शेवटाकडे, ओझरती लिहिली आहेस, आणि युनिटमध्ये तर बोललीच नाहीस: गेल्या वर्षीचं मिसकॅरेज.

बर्मिंगहॅम विद्यापीठाच्या पुढाकाराने ब्रिटनच्या ४८ हॉस्पिटलांत एक मोठा अभ्यास झाला, प्रिझम नावाचा. २०१९ साली त्याचे निष्कर्ष आले. सुरुवातीच्या आठवड्यांत रक्तस्राव होणाऱ्या ४,१५३ बायका त्यात होत्या. निम्म्यांना योनीमार्गे प्रोजेस्टेरॉन दिलं, निम्म्यांना तशाच दिसणाऱ्या औषध नसलेल्या गोळ्या. सगळ्यांचा एकत्र हिशेब केला तर ७५ टक्के आणि ७२ टक्के बाळंतपणं झाली, म्हणजे ठामपणे सांगावा असा फरक नव्हता. पण आधी एक किंवा जास्त वेळा गर्भ गेलेल्या बायकांत तो ७५ आणि ७० झाला, आणि तीन किंवा जास्त वेळा गेलेल्यांत ७२ आणि ५७. त्या आधारे नाइसने, म्हणजे इथल्या उपचारांचे नियम ठरवणाऱ्या संस्थेने, नोव्हेंबर २०२१ मध्ये आपला सल्ला बदलला. स्कॅनमध्ये गर्भ गर्भाशयात दिसला आहे, रक्तस्राव होतोय आणि आधी मिसकॅरेज झालंय, या तिन्ही गोष्टी असतील तर योनीमार्गे प्रोजेस्टेरॉन द्यावं, ४०० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा. पुढे ठोके दिसले तर १६ आठवडे पूर्ण होईपर्यंत ते चालू ठेवायचं. रक्तातला आकडा किती, याची अट त्यात नाही.

तुझ्याकडे या तिन्ही गोष्टी आहेत. म्हणून पुढच्या आठवड्याची वाट न बघता उद्या सकाळी युनिट उघडलं की तू स्वतः फोन कर आणि हे एवढंच सांग: मला ब्लीडिंग होतंय, तुमच्याच स्कॅनमध्ये गर्भ गर्भाशयात दिसलाय, गेल्या वर्षी माझं एक मिसकॅरेज झालंय, मला प्रोजेस्टेरॉन मिळेल का? फोनवर गळा दाटून येईल असं वाटत असेल तर कागदावर लिहून ठेव आणि वाचून दाखव. त्याच कागदावर नाशिकच्या गोळीचं नाव, किती मिलिग्रॅम आणि दिवसातून किती वेळा तेही लिही. गोळ्या लपवू नकोस, स्वतःच्या मनाने वाढवू नकोस, आणि नवरा म्हणतो म्हणून आजच्या आज बंदही करू नकोस. एक बंद करून दुसरं सुरू करायचं की कसं, हे त्यांना ठरवू दे.

अपेक्षा मात्र नीट ठेव. ७५ आणि ७० म्हणजे तुझ्यासारख्या शंभर जणींत पाच बाळं जास्त. औषध घेऊनही काहींचा गर्भ टिकत नाही, कारण पहिल्या तीन महिन्यांतल्या निम्म्याहून जास्त गर्भपातांत गर्भाच्या गुणसूत्रांतच बिघाड असतो. आणि तुझ्या तीन मिलिमीटरच्या गर्भात ठोके न दिसणं ही वाईट बातमी नाही, ती अजून बातमीच नाही. ७ मिलिमीटरच्या आत ठोके दिसले नाहीत तर निदान सात दिवसांनी पुन्हा बघायचं, असा इथला नियम आहे, आणि तो वाढणारा गर्भ चुकून कुणी काढून टाकू नये म्हणूनच आहे.

ते सात दिवस कसे जातात ते मला माहीत आहे. माझ्या पहिल्या वेळी मी रात्री अडीचला बाथरूममध्ये टिश्यू दिव्याखाली धरून बघत होते, तपकिरी की लाल, कालच्यापेक्षा कमी की जास्त. फोनवर आई, तिकडे सकाळ उजाडलेली, आणि तीही तेच विचारतेय, “रंग कसाय गं?” तपकिरी म्हणजे जुनं, सावकाश उतरलेलं रक्त, एवढंच. तपकिरी असूनही माझं गेलं, आणि माझ्या जावेला चांगलं लाल जाऊनही तिची मुलगी आज दहावीला आहे. पहिल्या तीन महिन्यांत साधारण चौघींतल्या एकीला थोडंफार अंगावरून जातं, आणि त्यातल्या पुष्कळ जणींचं बाळ पुढे व्यवस्थित वाढतं.

रंगापेक्षा या गोष्टींवर लक्ष ठेव: तासाभरात पॅड चिंब होणं, मोठ्या गाठी पडणं, न सोसवणारं दुखणं, ताप, घेरी. यातलं काही झालं तर युनिट किंवा १११ या आरोग्य सल्ल्याच्या नंबरला फोन, आणि रक्ताची धारच लागली किंवा शुद्ध हरपतेय असं वाटलं तर थेट ९९९ ला, ॲम्ब्युलन्ससाठी.

ज्यांचा स्कॅन अजून झालेला नाही त्यांनी पुढचं जपून वाचा. ब्रिटनमध्ये साधारण ९० गर्भधारणांत एक गर्भाशयाऐवजी गर्भनळीत राहते. त्याच्या खुणा: ओटीपोटात एका बाजूला दुखणं, चक्कर, आणि सगळ्यात फसवं म्हणजे खांद्याच्या टोकाला दुखणं. पोटात रक्त साचलं की ते खांद्यात दुखतं. विमानात अवघडले असेन म्हणून बाम चोळत बसू नका, रात्री दोन वाजले असले तरी ए अँड ई, म्हणजे हॉस्पिटलचा तातडीचा विभाग, गाठा. आणि स्कॅनमध्ये काहीच दिसत नसेल तर ४८ तासांच्या अंतराने दोनदा एचसीजी करतात. ते ६३ टक्क्यांहून जास्त वाढलं तर गर्भ बहुधा गर्भाशयात वाढतोय, निम्म्याहून खाली आलं तर बहुधा थांबलाय, आणि अधलंमधलं असेल तर लगेच परत बोलावतात. एकट्या आकड्यावरून काही ठरत नाही, म्हणून व्हॉट्सॲपवर तो फिरवून सगळ्यांची मतं मागवू नका.

सहा आठवड्यांच्या आत, दुखत नसेल आणि आधी नळीतला गर्भ राहिलेला नसेल, तर इथे अनेकदा घरीच थांबायला सांगतात आणि ७ ते १० दिवसांनी पुन्हा लघवीची टेस्ट करायला लावतात. आपल्याला ते निर्दयपणाचं वाटतं. पण इतक्या लवकर स्कॅनमध्ये काही दिसतच नाही, आणि न दिसल्याने जीव आणखी टांगणीला लागतो. तुमचा रक्तगट निगेटिव्ह असेल तर तो सांगा. भारतात दिलं जाणारं अँटी-डी इंजेक्शन इथे पहिल्या बारा आठवड्यांत नुसत्या रक्तस्रावाला देत नाहीत, ते विसरलेले नसतात.

आता घरचे. पलंगावर पडून राहिल्याने गर्भ टिकतो याला आधार मिळालेला नाही, उलट दिवसचे दिवस झोपून राहिलं तर पायात रक्ताची गाठ होण्याचा धोका. थकवा आला की आडवी हो, बाकी वेळ घरात हिंड-फिर. रक्त थांबेपर्यंत पॅडच वापर आणि नवऱ्याशी संबंध टाळ, एवढं पुरे. कामावर जाववत नसेल तर पहिल्या सात दिवसांना डॉक्टरांची चिठ्ठी लागत नाही, आणि गरोदरपणामुळे घेतलेली रजा तुझ्या इतर आजारपणात धरता येत नाही.

विमानाने काही झालेलं नाही. बॅग उचलल्याने, वरातीत नाचल्याने, पपई खाल्ल्याने नाही. हे सासूबाईंना तू सांगू नकोस, तुझ्या नवऱ्याने सांगावं, आजच, तू ऐकशील अशा ठिकाणी बसून. आणि आईला रोज रंग सांगायचं बंद कर. तिला म्हणावं, आई, स्कॅन होईपर्यंत मला त्याबद्दल विचारू नकोस, लग्नाचे फोटो आले असतील ते पाठव.

उद्या युनिटमधून काय म्हणाले ते मला लिही. फोन लागला नाही किंवा “नाही” म्हणाले, तरी लिही.