कॅव्हेट म्हणजे नेमकं काय? कॅव्हेट लागलं की कोर्टात जाता येत नाही का?

कॅव्हेट 'लागत' नाही हो, साडेसाती आहे का ती! तुमच्या घरी नोटीस आली अन् आता दावा टाकता येत नाही असं सगळे सांगताहेत म्हणे. आमच्याकडे २०११ मधे सगळे हेच सांगत होते.

नागपूरच्या महाल भागात आमचं जुनं घर, मागचं आंगण बाबा अन् मोठ्या काकांचं सामाईक. जांबाचं झाड होतं, उन्हाळ्यात आईच्या कुरड्या-पापड तिथेच वाळायचे. एप्रिलमधे काकांनी तिथे विटा उतरवल्या, बाबांनी विचारलं तर म्हणे पाहू ना, अन् चार दिवसांनी पोस्टमन रजिस्ट्री घेऊन हजर. बाबांनी पोचपावतीवर सही केली, पाकीट फोडलं, आत सगळं इंग्रजी, वर ठळक अक्षरात कॅव्हेट. चुलत भाऊ दारातूनच बोलला, "काका, आता काही करू नका, आम्ही स्टे आणलाय." स्टे म्हणजे कोर्टाची मनाई. बाबा शाळामास्तर, कोर्टाच्या नावानंच घाम फुटायचा, ते गप बसले. मी तेव्हा पुण्याला, फोनवर ऐकलं कॅव्हेट लागलं, अन् मीही शहाणा गप बसलो. झाड पहिल्याच दिवशी गेलं, मे संपायच्या आत स्लॅब पडला.

जूनमधे सिव्हिल लाइन्सला एका वकिलाकडे गेलो, त्यानं कागद पाहून विचारलं, इतके दिवस काहून थांबले? मग कळलं. कॅव्हेट म्हणजे दिवाणी प्रक्रिया संहितेचं (दिवाणी कोर्टाच्या कामकाजाच्या कायद्याचं) कलम १४८-अ, १९७६ च्या दुरुस्तीनं आलेलं. त्याचा अर्थ एवढाच की अमका माणूस माझ्याविरुद्ध अर्ज घेऊन येईल असं वाटतंय, तो आला तर मला कळवा, माझं ऐकल्याशिवाय एकतर्फी ऑर्डर देऊ नका. म्हणजे बाबा स्टे आणतील ही धास्ती काकांनाच होती! आम्ही दुसऱ्याच दिवशी अर्ज टाकू शकत होतो, फक्त त्यांना नोटीस गेली असती अन् आमच्या कागदांच्या प्रती द्याव्या लागल्या असत्या, त्याही त्यांच्याच खर्चानं. वरून कॅव्हेटची मुदत ९० दिवस, नंतर नवीन टाकावं लागतं.

शब्द मूळ लॅटिन, 'त्यानं सावध राहावं' असा. सावध कोणी राहायचं होतं अन् घाबरून कोण बसलं! रोजच्या इंग्रजीत कॅव्हेट म्हणजे बोलण्याला जोडलेला 'पण', तेवढंच. उच्चार डिक्शनरीत कॅव्हिअटच्या जवळचा आहे, पण कोर्टात तसं म्हणाल तर बाबू दोनदा विचारेल.

तर नोटिशीत कॅव्हेट कोणत्या तारखेला टाकलं ते पहा अन् आजच वकील गाठा, घरातल्या हुशार माणसाला विचारू नका. आमचा हुशार माणूस अजून प्रत्येक लग्नात सांगतो की आम्ही स्टे आणला होता. दादा, तू हे वाचत असशील तर ऑर्डरची एक तरी कॉपी दाखव, मी अख्ख्या पंगतीत तुझे पाय धरतो.

आणि हो, मी वकील नाही. मृत्युपत्राच्या प्रोबेटमधलं, म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याचं कोर्टाकडून ठरवून घेतानाचं, कॅव्हेट वेगळं असतं, त्याला हे सगळं लावू नका.