सह्याद्रीत पायी फिरताना वन्यप्राणी खरोखर दिसतात का?

दिवाळीच्या सुट्टीत तीन-चार दिवस सह्याद्रीत पायी फिरून वन्यप्राणी पाहता येतील का, असे तुम्ही विचारले आहे. आणि घरच्यांचे म्हणणे असे की तिथे काही दिसत नाही, त्यापेक्षा ताडोबा बरा. हेच वाक्य आमचे मेहुणे दर दिवाळीला फराळाच्या ताटावर ऐकवतात, म्हणून उत्तर लिहिल्यावाचून राहवले नाही.

त्यांना मी एकदा ऑक्टोबरअखेरीस वासोटा किल्ल्यावर नेले होते. साताऱ्याहून कासमार्गे बामणोली, तिथून शिवसागर जलाशयातून लाँचने पलीकडचा काठ, वनखात्याच्या चौकीवर नोंद आणि सामानातल्या प्लास्टिकची मोजदाद, आणि मग कोयना अभयारण्याच्या गर्द रानातून सरळ चढण. २०१० पासून हे रान सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहे, आणि व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत रीतसर परवानगीने आपल्या पायांनी चालता येणे ही किती दुर्मीळ गोष्ट आहे, हे मी त्यांना लाँचमध्येच सांगितले होते. ओढ्याकाठच्या चिखलात गव्याचे खूर इतके ताजे होते की त्यांत पाणी अजून झिरपत होते. थोडे वर अस्वलाने उकरलेले वारूळ होते. त्याच्याच पुढच्या वळणावर शेकरू एका झाडावरून दुसऱ्या झाडावर झेपावले. मात्र मेहुणे तेव्हा कचेरीतल्या बदल्यांविषयी मोठ्याने बोलत होते, आणि मी त्यांना खुणेने गप्प करेपर्यंत शेकरू पानांआड गेले होते. माथ्यावर बाबूकड्याच्या काठाशी बसून त्यांनी निकाल दिला : "एवढे चालवलेत आणि दाखवलेत काय, तर शेण आणि खूर."

माझे म्हणणे तेव्हाही हेच होते आणि आजही आहे. पावसाळा नुकताच सरलेला असताना गवत उंच असते, झाडोरा दाट असतो आणि पाणी जागोजागी असल्यामुळे प्राण्यांना ठरावीक पाणवठ्यावर येण्याची गरजच नसते. हीच अडचण ऑक्टोबरात ताडोब्यातही येते. तिथले दर्शन खरे सोपे होते ते एप्रिल-मे महिन्यांत, आणि तेही जिप्सीत बसून. ज्याला चालायचे आहे त्याने माग वाचायला शिकावे, आणि ज्याला केवळ वाघाचा फोटो हवा आहे त्याने सह्याद्रीला नावे ठेवू नयेत.

राहता राहिले ठिकाण. एक दिवस वासोट्याला द्यावा, उरलेले भीमाशंकरला. तिथे शेकरू हमखास म्हणावे इतपत दिसते, पण सकाळी लवकर किंवा उन्हे कलल्यावर. भर दुपारी ते विश्रांती घेते. वासोट्याच्या वाटेत कास पठार लागते, पण तिथल्या फुलांचा बहर दिवाळीपर्यंत बहुतेक ओसरलेला असतो, त्यामुळे त्यासाठी मुद्दाम थांबू नये.

हेही सांगायला हवे की वासोट्याची चढण गुडघेदुखी असणाऱ्यांसाठी नाही, सावलीच्या ओल्या जागी जळवा असू शकतात, आणि अभयारण्यात मुक्कामाला परवानगी नसल्याने बामणोलीला सकाळीच पोहोचावे लागते. सुट्टीच्या दिवसांत तिथे गर्दीही फार होते, आणि मोठ्या गटाच्या मागून चाललात तर मेहुण्यांचेच म्हणणे खरे ठरेल.